पाखरांच्या वाटेवरचे दोन मित्र

डिसेंबर महिन्यातली एक पहाट डोळ्यांसमोर आणा. तुम्ही नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वर या गावी आला आहात. येथे गोदावरी आणि कादवा या नद्यांचा संगम आहे. जवळच जुना दगडी बंधारा आहे. बंधाऱ्यामुळे अडलेले पाणी दूरवर पसरले आहे. थंडी चांगलीच आहे. तुम्ही कानांना मफलर गुंडाळला आहे. बरोबर तुमचा जिवलग मित्र आहे. दोघांत मिळून एक दुर्बीण, एक वही, एक पेन्सिल आणि डब्यात चपाती-भाजी एवढेच सामान आहे. संध्याकाळच्या गाडीने घरी परतायचे आहे.

सूर्य वर येतो. धुके विरळ होते. काळ्या अंगाचे, कपाळावर पांढरा टिळा असलेले वारकरी पक्षी घोळक्याने पोहताना दिसतात. रुंद, चपट्या चोचीचा थापट्या पाणी गाळून खात असतो. काठावर शेपटी खालीवर हलवीत धोबी पक्षी तुरुतुरु चालत असतो. तेवढ्यात तुमचा मित्र तुमचा दंड दाबतो आणि पलीकडे बोट दाखवतो. तेथे वाळूवर नारिंगी रंगाच्या बदकांची एक जोडी उभी आहे. मराठीत या पक्ष्याला चक्रवाक म्हणतात. तुम्ही मात्र त्याला दुसऱ्या नावाने ओळखता. ज्याच्या पिसांवरून उर्दूत म्हण आहे, तो सुर्खाब हाच!

हा सुर्खाब लडाख, तिबेट अशा थंड प्रदेशांत अंडी घालतो आणि हिवाळा आला की आपल्याकडे उतरतो. पण पक्ष्यांना बोलता येत नाही. मग ते कुठून आले, कोणत्या वाटेने आले, हे आपल्याला कसे कळले? अनेक माणसांनी वर्षानुवर्षे पाहिले, लिहून ठेवले, तेव्हा ते कळले. आपल्या देशात अशा पाहणाऱ्या माणसांत पहिले नाव घ्यावे लागते ते सलीम अली यांचे.

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. ते एक वर्षाचे असताना वडील वारले, तीन वर्षांचे असताना आई वारली. आईवडिलांवाचून पोरक्या झालेल्या या भावंडांना मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतल्या आपल्या घरी वाढवले. त्यांना स्वतःचे मूल नव्हते. त्यांनी या मुलांना माया दिली, काही उणे पडू दिले नाही.

मामांना शिकारीचा शौक होता. भाच्यालाही त्यांनी छर्‍यांची एक लहान बंदूक आणून दिली. आज तुम्हाला हे वाचून वाईट वाटेल, पण लहानपणी सलीमला चिमण्या मारण्यात मोठी गंमत वाटे. तबेल्यात चिमण्यांचे एक घरटे होते. मादी घरट्यात बसे आणि नर बाहेर राखण करी. सलीमने तो नर मारला. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर आणला. सात दिवसांत सलीमने त्याच जागेवर आठ नर मारले आणि प्रत्येक वेळी नवा नर येऊन राखणीला बसला. मुलाने हे सारे लिहून ठेवले. शिकार तर पुष्कळ मुले करीत. पण पाहिलेले लिहून ठेवणारा मुलगा विरळाच. पुढे मोठेपणी त्यांना या नोंदीचे महत्त्व कळले.

सलीम दहा-बारा वर्षांचा असेल. एके दिवशी त्याने मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. अशी चिमणी त्याने कधी पाहिली नव्हती. ही खाणे मुसलमानाला चालेल की नाही, अशी शंका त्याच्या मनात आली. तो चिमणी घेऊन मामांकडे गेला. मामांनाही ती ओळखता येईना. ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. १८८३ साली स्थापन झालेली ही संस्था प्राणी, पक्षी आणि वनस्पती यांचा अभ्यास करते. मामांनी संस्थेचे चिटणीस मिलार्ड यांच्या नावे चिठ्ठी दिली आणि भाच्याला तिकडे पाठवले.

त्या काळी साहेबाच्या कचेरीत पाऊल टाकायला मोठी माणसेही कचरत. मग लहान मुलाची काय कथा! सलीम भीतभीतच आत गेला. पण मिलार्डसाहेबांनी त्याला प्रेमाने जवळ बसवून घेतले. ती पीतकंठी रानचिमणी आहे, असे त्यांनी सांगितले. मग एकेक कप्पा उघडून संस्थेने जपून ठेवलेले शेकडो पक्षी दाखवले आणि वाचायला पुस्तकेही दिली. सलीम घरी परतला तो वेगळाच मुलगा होऊन. आता त्याला नेम धरण्यापेक्षा ओळखण्यात अधिक गोडी वाटू लागली.

तुम्हाला वाटेल, येथून सलीमची वाट सरळ झाली असेल. तसे झाले नाही. शाळेत असताना डोकेदुखीने त्याच्या अभ्यासात खंड पडला. १९१३ साली तो मॅट्रिक झाला. कॉलेजात गेला, पण गणिताशी त्याचे जमेना. तो शिक्षण सोडून ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, घरच्या खाणीच्या आणि लाकडाच्या धंद्यात गेला. धंद्यापेक्षा त्याचे लक्ष भोवतालच्या रानातल्या पाखरांकडेच जास्त. काही वर्षांनी तो मुंबईला परत आला. १९१८ साली तहमिना बेगम यांच्याशी त्याचा विवाह झाला.

सलीम अलींना पक्ष्यांचेच काम करायचे होते. परंतु विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे सरकारी खात्यातली पक्षितज्ज्ञाची जागा त्यांना मिळाली नाही. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये त्यांना दरमहा ३५० रुपयांची नोकरी मिळाली. आलेल्या लोकांना तेथील प्राण्यापक्ष्यांची माहिती सांगायची, असे ते काम होते. आपल्याला अजून पुष्कळ शिकायचे आहे, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून रजा घेऊन ते जर्मनीला गेले. बर्लिनमध्ये स्ट्रेसमान नावाचे मोठे पक्षितज्ज्ञ होते. त्यांना सलीम अलींनी आपले गुरू मानले. पक्षी पकडून त्यांच्या पायांत कडी कशी घालायची, तेही ते जर्मनीत शिकले.

१९३० साली ते मोठ्या उमेदीने परतले. पाहतात तो काय, पैशांअभावी त्यांची जागाच रद्द झालेली! हातात नोकरी नाही, पदवी नाही. अशा वेळी दुसरा कोणी खचून गेला असता. सलीम अली पत्नीसह अलिबागजवळच्या किहीम या समुद्रकाठच्या गावी राहायला गेले. तेथे सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. नोकरी गेल्यामुळे वेळच वेळ होता. ते तासन् तास न हलता बसत आणि घरट्यांकडे पाहत राहत.

सुगरणीचे घरटे तुम्ही पाहिले असेल. ते मादी विणते, असे नावावरून वाटते. पण विणकर असतो नर. तो घरटे अर्धे विणतो. मग मादी येते, आत शिरून घरटे पारखते. पसंत पडले तर राहते, नाही तर उडून जाते. पसंत पडले की नर ते पुरे करून देतो आणि लगेच दुसऱ्या मादीसाठी दुसरे घरटे विणायला घेतो. सुगरणींचा हा संसार सलीम अलींनी दिवसामागून दिवस पाहून जगापुढे मांडला. १९३१ साली तो अभ्यास छापून आला आणि जाणकारांत त्यांचे नाव झाले. नोकरी गेली, ही आपत्तीच. पण ती गेली नसती, तर एवढे निवांतपणे पाहणे झाले असते का?

पुढे हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन अशा संस्थानांत हिंडून त्यांनी तेथील पक्ष्यांची पाहणी केली. प्रवास बैलगाडीचा, मुक्काम तंबूत किंवा डाकबंगल्यात, पैसा बेताचा. तहमिना बेगम अशा भटकंतीत आनंदाने त्यांच्याबरोबर असत. १९३९ साली एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर त्या वारल्या. सलीम अलींना मूलबाळ नव्हते. वीस वर्षांची सोबत अशी एकाएकी संपली. ते बहीण आणि मेहुण्यांच्या घरी राहू लागले आणि त्यांनी स्वतःला कामात बुडवून घेतले. १९४१ साली भारतीय पक्ष्यांची ओळख करून देणारे त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले. सामान्य माणसाला चित्र पाहून पक्षी ओळखता यावा, असे ते पुस्तक होते.

याच सुमारास त्यांना एक मित्र भेटला. त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे.

दुसरे महायुद्ध चालू होते. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर जपानी सैन्याच्या हाती पडले. शहर सोडून जाणाऱ्यांत लोक वान थो नावाचे एक तरुण होते. मराठीत लोक म्हणजे माणसे, पण येथे ते आडनाव आहे. चिनी नावांत आडनाव आधी येते. वान थो फार श्रीमंत घराण्यातले होते. सिंगापुरात त्यांचे मोठे सिनेमागृह होते. पण बॉम्बला श्रीमंत-गरीब कळत नाही. ज्या जहाजातून ते निघाले, त्यावरच बॉम्ब पडले. ते भाजले आणि काही काळ त्यांची दृष्टीही गेली. सुदैवाने जीव वाचला, डोळेही वाचले. असे होरपळून ते भारतात आले.

वान थोंना पक्ष्यांची आवड होती. त्यांचे एक जुने शिक्षक, गिब्सन, त्या वेळी भारतीय नौदलात होते. त्यांनी वान थोंची सलीम अलींशी गाठ घालून दिली. एक मुंबईचा, दुसरा मलायात जन्मलेला चिनी. एकाने पंचेचाळिशी गाठलेली, दुसरा त्याच्याहून १९ वर्षांनी लहान. एकाने पत्नी गमावलेली, दुसऱ्याचे घर युद्धाने हिरावलेले. धर्म वेगळा, भाषा वेगळी, खिशातले पैसे तर फारच वेगळे. तरी दोघांची जी मैत्री जुळली, ती जन्मभर टिकली.

ही मैत्री कशावर उभी होती? पाखरांच्या वाटेवर एकत्र चालण्यावर. दोघे कच्छ, काश्मीर, सिक्कीम अशा भागांत बरोबर हिंडले. सलीम अलींच्या हाती दुर्बीण आणि वही असे, तर वान थोंच्या हाती कॅमेरा. ज्यांच्या डोळ्यांपुढे एकदा अंधार पसरला होता, ते वान थो पक्ष्यांची सुरेख छायाचित्रे काढण्याबद्दल प्रसिद्ध झाले. १९५७ साली त्यांचे पक्ष्यांवरचे पुस्तकही निघाले.

कच्छमधल्या हिवाळी पहाटेची कल्पना करा. रण कोरडे, वारा बोचरा. मैलोन् मैल झाड नाही. दूरच्या पाण्याकाठी उत्तरेकडून आलेल्या क्रौंच पक्ष्यांचे थवे आहेत. अशा ठिकाणी बडबड्या सोबती काही कामाचा नाही, पक्षी उडून जातात. सोबती असा हवा, की ज्याच्याशी न बोलताही बोलता येते. आणि सोबती हवाच. कारण एकाच्या डोळ्यांना जे दिसले, ते दुसऱ्याच्या डोळ्यांनी पडताळता येते. एकाला थव्यातले पक्षी शंभर वाटले आणि दुसऱ्याला साठ, तर दोघेही पुन्हा मोजतात. पक्षिनिरीक्षणातली मैत्री अशी असते. ती गोड बोलत नाही, ती खरे बोलायला लावते.

कामाच्या बाबतीत सलीम अली फार काटेकोर होते. ते सूर्योदयापूर्वी उठत. दिवसभर पाहिलेले त्याच दिवशी टिपून ठेवत. उद्या लिहू म्हटले की आठवण आपल्या सोयीने बदलते, हे त्यांना माहीत होते. वेळ न पाळणारा माणूस त्यांना आवडत नसे आणि तंबूत घोरणाऱ्यावर तर त्यांचा विशेष राग! मोटारसायकलीचे मात्र त्यांना मोठे वेड होते. १९५० साली स्वीडनमध्ये पक्षितज्ज्ञांची परिषद भरली, तेव्हा ते आपली मोटारसायकल जहाजातून युरोपात घेऊन गेले.

युद्ध संपल्यावर वान थो सिंगापूरला परतले आणि चित्रपटांच्या व्यवसायात मोठे झाले. पण मित्राला ते विसरले नाहीत. सवड मिळाली की दोघे पुन्हा रानात भेटत. सलीम अलींच्या पाहणीसाठी आणि संस्थेच्या कामासाठी वान थोंनी सढळ हाताने पैसा दिला. २० जून १९६४ रोजी तैवानमध्ये एक विमान कोसळले. त्यात वान थो आणि त्यांच्या पत्नी होत्या. वान थो तेव्हा पन्नाशीचेही नव्हते.

सलीम अली त्या वेळी ६७ वर्षांचे होते. या वयात पुष्कळ माणसे आवराआवर करू लागतात. पण त्यांचे सर्वांत मोठे काम अजून पुरे व्हायचे होते. अमेरिकन पक्षितज्ज्ञ डिलन रिप्ले यांच्याबरोबर ते भारत आणि पाकिस्तानातील पक्ष्यांवर मोठा ग्रंथ लिहीत होते. त्याचा पहिला खंड १९६८ साली आणि दहावा १९७४ साली निघाला. हे काम पाहायला वान थो नव्हते.

आता भरतपूरविषयी थोडे सांगतो. नांदूर मध्यमेश्वरला पुष्कळ जण महाराष्ट्राचे भरतपूर म्हणतात, ते राजस्थानातल्या या ठिकाणावरून. हिवाळ्यात तेथे दूरदूरचे हजारो पक्षी उतरतात. पूर्वी तेथे राजेरजवाडे आणि बडे इंग्रज अधिकारी शिकार करीत. १९३८ सालच्या एका दिवसात तेथे ४,००० हून अधिक पक्षी मारले गेले. पुढे हेच पाणी आटवून शेती करावी, असा विचार निघाला. सलीम अलींनी त्याला विरोध केला आणि ते ठिकाण वाचवण्यासाठी पंतप्रधान नेहरूंपर्यंत दाद मागितली. भरतपूरचे पाणी वाचले. तेथे संस्थेच्या लोकांनी हजारो पक्ष्यांच्या पायांत कडी घातली. त्यांतल्या काही बदकांची कडी दूर सायबेरियात सापडली. पाखरांची वाट अशी उलगडत गेली.

पण याच भरतपूरची एक गोष्ट तुम्हाला सांगितलीच पाहिजे. तेथे म्हशी चरायला नकोत, असे सलीम अलींसह अनेक तज्ज्ञांचे मत होते. १९८२ साली चराईवर बंदी आली. आसपासचे गावकरी चिडले. संघर्ष झाला आणि गोळीबारात काही गावकऱ्यांचे प्राण गेले. पुढे सलीम अलींच्याच संस्थेने तेथे अनेक वर्षे अभ्यास केला. तेव्हा उलटेच दिसून आले. म्हशी चरेनाशा झाल्यावर पाण्यात गवत माजले आणि पक्ष्यांना जागा कमी पडू लागली. थोर माणसाचे मतही चुकू शकते. ते चुकले हे संस्थेला कसे कळले? आधी पाहा, मोजा, लिहून ठेवा आणि मगच बोला, हा धडा सलीम अलींनीच आयुष्यभर गिरवला होता. त्याच धड्याने त्यांची चूक दाखवून दिली.

सलीम अलींना मानसन्मान पुष्कळ मिळाले. १९५८ साली पद्मभूषण आणि १९७६ साली पद्मविभूषण मिळाले. १९७६ सालीच निसर्गरक्षणाच्या कार्याबद्दल मोठा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा त्याची रक्कम त्यांनी निसर्गरक्षणाच्या कामासाठी संस्थेला देऊन टाकली. पदवीअभावी ज्यांना नोकरी नाकारली गेली, त्यांना विद्यापीठांनी मानाने डॉक्टर केले. १९८५ साली ते राज्यसभेचे सभासद झाले. त्याच वर्षी त्यांचे आत्मचरित्र निघाले. त्याच्या नावातच एक चिमणी आहे. १९८७ साली वयाच्या ९१ व्या वर्षी मुंबईत त्यांचे निधन झाले.

चला, आता पुन्हा आपल्या बंधाऱ्यावर येऊ. दुपार कलली आहे. डबा संपला आहे. वहीत सकाळपासून वीस-बावीस नावे झाली आहेत. दोन नावांपुढे प्रश्नचिन्ह आहे, कारण त्या पक्ष्यांविषयी तुमचे आणि मित्राचे एकमत झाले नाही. ते प्रश्नचिन्ह खोडू नका. तो दिवसातला सर्वांत मोलाचा शब्द आहे, असे समजा. सलीम अलींचे सारे आयुष्य अशाच एका प्रश्नचिन्हापासून सुरू झाले होते.

भरतपूरला पूर्वी सायबेरियातून पांढरेशुभ्र क्रौंच येत असत. २००२ नंतर ते तेथे दिसले नाहीत. ते येत होते आणि आता येत नाहीत, हे आपण ठामपणे सांगू शकतो, कारण दर हिवाळ्यात कोणी तरी तेथे जाऊन पाहत होते आणि मोजत होते. तुमच्या गावच्या तळ्यावर यंदा किती सुर्खाब उतरले, हे कोणी लिहून ठेवले आहे का? नसेल, तर ते काम तुमचे आहे.

नांदूर मध्यमेश्वर दूर असेल, तर तळे पाहा, नदी पाहा, शाळेच्या आवारातले झाड पाहा. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. त्याचा शेवटचा दिवस म्हणजे सलीम अलींचा जन्मदिवस. त्या सुमारास थंडीचे पाहुणे येऊ लागलेले असतात. एखाद्या सुट्टीच्या दिवशी पहाटे उठा. वही घ्या, पेन्सिल घ्या, आणि मित्राच्या दारावर थाप मारा.